बसवलेले डोळे

१

शनिवारी सकाळी ममतानं स्टुडिओचं शटर वर ढकललं, तेव्हा मधुकाका मागच्या दारानं येऊन आधीच काउंटरवर बसले होते. मांडीवर नवा लॅपटॉप. शाळेच्या पाटीएवढा. बाजारात कोहळं पारखावं तसा ते तो उलटासुलटा करून पाहत होते.

"ममता, याला सीडी कुठून घालायची गं?"

"घालायचीच नाही. याला ती जागा नसते."

"जागा नसते म्हणजे? मी दुकानदाराला स्पष्ट विचारलं. म्हटलं, बाबा रे, आमचं छपाईचं मशीन जुन्या विंडोजवरच चालतं. तो म्हणाला, सगळं होतं."

"सगळं होतंच, काका. करणारं माणूस लागतं."

"मग सीडी कुठून घालायची?"

ममतानं दात आवळले. म्हातारी माणसं एकच गोष्ट तीनदा विचारतात आणि तिसऱ्यांदाही उत्तर ऐकत नाहीत, असा तिचा अनुभव होता.

मधुसूदनकाकांचं घराणं पिढ्यान् पिढ्या कचेरीत नोकरी करणारं. त्यांनी एकट्यानं कॅमेरा हाती धरला आणि चिंतामणीच्या देवळाच्या रस्त्यावर मुलीच्या नावानं 'आभा फोटो' उघडलं. आभा लग्न होऊन नागपूरला गेली. दुकान आता खरं म्हणजे ममताच चालवत होती. यवतमाळच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकून ती कळंबला परत आली होती, कारण आई गेल्यावर बाबा एकटे पडले होते. तिचा आवाज मोठा होता आणि धीर लहान.

गुरुवारी लाइट जाऊन आली ती अशी आली, की दुकानातला जुना कॉम्प्युटर धूर काढून बसला. छपाईचं मशीन शाबूत होतं, पण ते जुन्या विंडोजशिवाय कोणाशी बोलत नव्हतं. आणि उद्या, रविवारी अकरा वाजता, नदीपलीकडच्या गावात इंदूबाईच्या नवऱ्याचं पुण्यानुमोदन होतं, गेलेल्याच्या आठवणीचा कार्यक्रम. फोटो द्यायचाच होता.

"द्या इकडं," ममता म्हणाली. "संध्याकाळपर्यंत चालू करते."

२

उपाय सोपा होता. शेजारच्या सायबर कॅफेत सीडी चालत होती. तिथं जुन्या विंडोजची आणि छपाईच्या मशीनची सीडी पेनड्राइव्हवर उतरवायची, लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू होईल असं करायचं, की झालं. फक्त त्याआधी पेनड्राइव्ह पूर्ण पुसावा लागतो. 'यातलं सगळं जाईल, चालेल ना?' असं स्क्रीनवर आलं, आणि ममताचं बोट थांबलं.

पेनड्राइव्हमध्ये दोनच फाइली होत्या. एक 'कोट'. दुसरी 'डोळे'.

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावोगावी माणसं अवचित जात होती, आणि गेल्यावर घरच्यांच्या लक्षात यायचं की त्यांचा एकही धड फोटो नाही. मग कोणीतरी मोबाइलवर काढलेला शेवटचा फोटो घेऊन यायचं. नाकात कापसाचे बोळे, डोळे मिटलेले. म्हणायचं, भिंतीवर लावायला चांगला करून द्या. काका अंगावर कोट चढवायचे. कोट पहिल्यापासून सगळ्यांना एकच होता. डोळे उघडायचं काम ममताचं.

पहिल्या वेळी तिचे तीन तास गेले. कोणाचेही डोळे नीट बसेनात. मग कॉम्प्युटरमध्ये तिला बाबांचा फोटो दिसला, पेन्शनच्या कागदांसाठी स्कॅन केलेला. समोरून, सरळ, शांत. तिनं ते डोळे कापून लावले आणि ते असे बसले, जसे तिथलेच. पुढच्या माणसालाही बसले. त्याच्या पुढच्यालाही. वर्षभरात एकवीस झाले. कोणाला काही कळलं नाही. "अगदी तसेच हो, बाई!" म्हणत बायका काउंटरवर रडायच्या.

बाबा घरीच आहेत, पुन्हा फोटो काढू. तिनं बटण दाबलं.

बाबा घरीच असत. बळीराम, शाळेतून निवृत्त झालेला शिपाई. गेल्या वर्षभरात त्यांची झोप गेली होती. बाजेवर बसून राहायचे, डोळे उघडे, आणि मधेच काहीतरी बोलायचे. "थ्या घरची भिंत ओली झाली." "त्या म्हातारीनं आजही चूल नाही पेटवली." कोणतं घर, कोणती म्हातारी, विचारलं तर गप्प. ममता चिडायची. एकट्या माणसाच्या डोक्यात असं काहीबाही येतं, हे तिलाही कळत होतं. पण रोज ऐकायचं म्हणजे काय!

३

लॅपटॉपनं पहिल्यांदा सांगितलं, हार्ड डिस्कच सापडत नाही. निळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, बस्स. ममताला हे ठाऊक होतं. जुनी विंडोज नव्या डिस्कला ओळखत नाही. तिनं लॅपटॉपच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कला जुन्या पद्धतीनं वागायला लावलं आणि पुन्हा सुरू केलं. आता चाललं. असलेलं सगळं पुसलं, नवी जागा आखली. फाइली उतरू लागल्या. निळ्यावर पिवळी पट्टी मुंगीसारखी सरकत होती.

अशात इंदूबाई आल्या. पांढरं लुगडं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल.

"झालं का, पोरी?"

"होऊन राह्यलं, मावशी. बसा."

मधुकाकांनी स्टूल पुढं केलं आणि चहा सांगायला बाहेर गेले. ममतानं मोबाइलमधला फोटो पाहिला. नेहमीसारखाच.

"माह्या जावेच्या घरी तूच करून देलता ना? विमलच्या मालकाचा?" इंदूबाई म्हणाल्या. "दोघं भाऊ एकाच वर्षी गेले. त्याचा लय चांगला झाला. तसाच कर. जित्ता वाटते."

"करते."

"त्याच्या पोट्टीले भाजलं सोमवारी. गंजातलं आंधण पायावर उलटलं. घरी कोणी नोतं, सारे वावरात. लेकरू फोटोकडे पाहून बाबा, बाबा करत होतं म्हणे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आता बरी हाय. पण तो वरतून काय करन, सांग?"

ममताचा हात कीबोर्डवरच राहिला.

सोमवारी दुपारी ती जेवायला घरी गेली होती. बाबा ताटावरून उठले होते, हातात भात तसाच. ओरडले होते, "उचला ना कोणी तिले! पाय जळून राह्यला!" आणि ती म्हणाली होती, "कोणाचा पाय? गुपचूप जेवा, बाबा." त्यांनी हाताकडे पाहिलं होतं आणि पुन्हा ताटावर बसले होते.

"सोमवारी कधी, मावशी?"

"दुपारी. शाळेतली लेकरं जेवाले सुटली असतीन तवा."

गाव दोन कोसांवर होतं. बातमी चालत येते, ममतानं स्वतःला सांगितलं. पण बातमी संध्याकाळी येते. घडताना येत नाही.

४

पिवळी पट्टी भरली. लॅपटॉप बंद होऊन आपोआप सुरू झाला. 'आणखी ३९ मिनिटे' असं स्क्रीनच्या कोपऱ्यात आलं.

ममतानं घरी फोन लावला. बाबांनी पाचव्या घंटीला उचलला.

"बाबा, आता काय दिसून राह्यलं?"

रागावल्याशिवाय तिनं हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"कोणत्या घरचं सांगू?" बाबा म्हणाले.

समोर इंदूबाई बशीत चहा ओतत होत्या. रस्त्यावरून कापसाची एक गाडी रिकामीच परत चालली होती. ममतानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जिथं पोट्टीचा पाय जळला."

"हां. थे दाराच्या वरतून दिसते. समोर निळा ड्रम हाय. भिंतीवरचं घड्याळ काढून ड्रमावर ठेवलं आज. काच फुटली त्याची."

"मावशी," ममतानं फोन कानाशी तसाच धरून विचारलं, "विमलताईंकडं फोटो कुठं लावला?"

"दाराच्या वरतं. आतून. काहून?"

"आणि घड्याळ?"

बशी तोंडाशी थांबली. "सकाळीच पडलं ना बाप्पा! मी निघून राहिली होती, तवाच. मीच त्या ड्रमावर ठेवलं उचलून. तुले कोणं सांगतलं?"

"असंच," ममता म्हणाली.

तिला भीती वाटायला हवी होती. तिनं तशी वाटही पाहिली. पण भीती आली नाही. झोपेत हात अंगाखाली दबून बधिर होतो आणि मग दुसऱ्याचाच वाटतो, तसं तिला स्वतःचं सगळं अंग वाटत होतं.

"बाबा, त्या लोकायचं बोलणं ऐकू येते का?"

"नाही, बाई. नुसतं दिसते. मी हाका मारून पाह्यल्या सोमवारी." ते थांबले. "तू जेवाले येतं का आज?"

५

३९ मिनिटांना दोन तास लागले. ३४ वर आकडा इतका अडकला, की काका तीनदा उठून विचारून गेले, "बंद पडलं का गं?" ममतानं तिन्ही वेळा नुसता हात हलवला. ती त्या आकड्याकडे पाहत हिशेबाला लागली होती. एकवीस घरं. प्रत्येक घरची फ्रेम मागून आणायची, स्कॅन करायची, डोळे मिटवायचे, पुन्हा छापायची. काय सांगून मागायच्या, ते नंतर पाहू. पण त्यासाठी हे मशीन चालू व्हायला हवं. आज इंदूबाईचा फोटो हे निमित्त. खरं मशीन तिला बाबांसाठी हवं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा फक्त त्यांचं अंगण असावं, एवढंच तिला हवं होतं.

चार वाजता स्क्रीनवर हिरवं माळरान आणि निळं आभाळ आलं. पेनड्राइव्हवर उतरवलेली मशीनची सीडी तिनं चढवली. मशीननं घसा खाकरल्यासारखा आवाज केला.

"अगं, आलं की!" काका टाळी वाजवत म्हणाले. "थांब, टेस्ट घेऊ. उभी राहा तिथं."

"काका, कोणताही चालतो टेस्टला."

"कोणताही कुठून आणू? लॅपटॉप नवाकोरा, आत एक फोटो नाही. बघ इकडं. जरा हास."

ती हसली नाही. काकांनी तिचा समोरून, सरळ फोटो काढला, आत घेतला आणि छापला. रंग बरोबर होते.

मग तिनं इंदूबाईच्या नवऱ्याचा फोटो घेतला. नाकातला कापूस काढला, चेहऱ्यावर थोडा उजेड आणला, नवा कोट चढवला. डोळे मिटलेलेच ठेवले. दुपारचं जेवण करून आडवा झालेला माणूस वाटत होता.

"अगं, मिटलेलेच?" काकांनी चष्मा वर केला. "असा लावतात का भिंतीवर?"

"हा असाच द्यायचा."

"त्या बाईनं तुझ्यासमोर सांगितलं ना, जिवंत वाटला पाहिजे म्हणून. उद्या सगळा गाव जमेल तिथं. नाव दुकानाचं जाईल."

"काका, एकदा सांगितलं ना! हात लावायचा नाही त्याला. मावशी नऊला येतील, लिफाफ्यात आहे, फक्त द्यायचा. कळलं?"

कळलं, असं काका म्हणाले नाहीत. तिच्या रागावण्याची त्यांना सवय होती; पाऊस ओसरू द्यावा तसे ते गप्प उभे राहिले. कारण तिनं सांगितलं नाही. काय सांगणार होती? आणि तिला घरी जायची घाई होती.

६

बाबा बाजेवर बसले होते. लाइट पुन्हा गेली होती. तिनं कंदील लावला, भाकरी टाकल्या, त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतः खाली बसली.

"तुमाले माहीत होतं?"

"काय?"

"माह्या कामानं होऊन राह्यलं हे."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "एका घरी समोर आरसा हाय. त्याच्यात दिसला मले तो फोटो. माणूस दुसरा, कोट तुह्या काकाचा. डोळे माहे."

"मग सांगितलं काहून नाही?"

"दोनदा सांगू लागलो. तू म्हणे, गुपचूप जेवा." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कशाचंच काही नव्हतं. "आणि तुह्या हाताचं नाव होऊन राह्यलं होतं. लोकं मले रस्त्यात सांगत, पोरीनं लय चांगलं काम केलं. मंग काय सांगू?"

ममताला रडू येईल असं वाटलं. तेही आलं नाही.

"मी सोमवारपासून घरोघरी जाते. सारे आणते परत. सारे मिटवते."

बाबा बराच वेळ चावत राहिले. त्यांची नजर तिच्यावर होती, पण तिच्यावर एकटीवर नव्हती. ती आता ओळखू शकत होती. वर्षभर ती याला म्हातारपण म्हणत होती.

"मिटवजो," ते म्हणाले. "पण थ्या पोट्टीच्या घरचा शेवटी. तिच्यापाशी दिवसभर कोणी नसते."

७

रविवारी अकराला काकांचा फोन आला. ममता विहिरीवरून पाणी आणून नुकतीच टेकली होती. बाबा विळीवर भेंडी चिरत होते.

"ममता, ऐक, रागावू नकोस," काका म्हणाले. त्यांचा आवाज पोरासारखा फुलला होता. "जमलं बरं मला! तू नेहमी करतेस ते पाहून पाहून शिकलो होतो. त्या बाईला लिफाफा उघडून दाखवला तर ती गं रडायलाच लागली. म्हणते, असा मेलेला कायले देता, तो माह्याकडे पाहाले पाह्यजे. मग म्हटलं, बस पाच मिनिटं. आणि खरंच, काय सुंदर बसले! जराही फेरफार करावा लागला नाही."

"काय बसले?" ममतानं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"डोळे गं. आत दुसरा एकच तर फोटो होता. कालचा तुझा."

ममतानं घड्याळात पाहिलं.

"अगं, बाईमाणसाचे आहेत हे कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. हॅलो? ममता?"

तिनं फोन ठेवला आणि इंदूबाईचा नंबर लावला. बंद होता. कार्यक्रमात कोण फोन चालू ठेवतो? दोन कोस. बारापर्यंत बस नाही. सायकल काढली तरी अर्धा-पाऊण तास. ती उठली, दारापर्यंत गेली, चपलेत एक पाय घातला.

आणि तिथंच थांबली, कारण अंगण पांढरं झालं होतं.

अंगण होतं तसंच होतं. तुळस, दोरीवरचे बाबांचे कपडे, पलीकडचा रस्ता. पण त्यावर, पाण्यात पाहिल्यासारखं, पांढरं काहीतरी हलत होतं. मग ती लुगडी झाली. बसलेल्या बाया झाल्या. खूप जवळ मेणबत्तीची ज्योत होती, आणि ज्योतीच्या पलीकडे रांगेनं चेहरे, सगळे तिच्याकडे पाहणारे. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. ओठ हलत होते, सगळ्यांचे एकदम. आवाज नव्हता. आवाज होता तो घरातला, बाबांच्या विळीचा.

तिनं चौकट धरली. विळी थांबली.

बाबा उठून आले. तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं, आणि एकवीस घरं सोडून ते पहिल्यांदा नीट तिच्याकडेच पाहत आहेत असं तिला वाटलं.

"एकच हाय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

तिनं मान हलवली.

"एकाचं काही वाटत नाही," बाबा म्हणाले. "बस खाली."

ती बसली. दुपारपर्यंत बसूनच राहिली. बाबांनी भाजी केली, तिच्या हातात ताट दिलं. तिकडे बाया उठल्या, पंगत झाली, पत्रावळी उचलल्या गेल्या. ज्योत विझली. मग पुष्कळ वेळ नुसती रिकामी खोली: शेणानं सारवलेली जमीन, उतरंड, कोपऱ्यात फवारणीचा पंप.

इंदूबाई एकट्याच आत आल्या. दार लावलं. जवळ आल्या, इतक्या जवळ की वरच्या ओठावरचा घाम दिसला. पदरानं त्यांनी समोरची काच पुसली. ओठ हलू लागले. किती तरी वेळ त्या बोलत होत्या, कधी रागानं, कधी थांबून, जे नवऱ्यालाच सांगायचं असतं ते. आणि ममता त्यातलं काही ऐकू शकत नव्हती, आणि नजर दुसरीकडे वळवू शकत नव्हती.

मग खोली एकदम तिरपी झाली. जमीन खाली गेली, आढं जवळ आलं, इंदूबाई फ्रेम घेऊन स्टुलावर चढल्या होत्या. खोली डावीकडे झुलली, उजवीकडे झुलली. त्यांनी दोन्ही हात सोडून पाहिलं.

खिळा पक्का होता.